लोगो करून देणाऱ्या सेवा : छपाईच्या टेबलावरून केलेले परीक्षण

छपाईला जाण्यापूर्वी फायली तपासून त्या प्लेटसाठी तयार करणे हे माझे काम आहे. त्यामुळे व्यवसायांचे लोगो माझ्यासमोर मालकाच्या कौतुकासह येत नाहीत, नुसत्या फायली म्हणून येतात, आणि लोगो करून देणारी सेवा कशी आहे याचा माझा अंदाजही त्या फायलींवरूनच बांधला जातो. संकेतस्थळांवरच्या तारांकित अभिप्रायांत ‘काम सुंदर, वेळेत मिळाले’ यापलीकडे फारसे काही सापडत नाही, कारण ग्राहक अभिप्राय लिहितो तो लोगो हातात पडल्याच्या आनंदात; लोगोची खरी परीक्षा मात्र काही महिन्यांनी, पहिला फलक रंगवताना, पहिला रबरी शिक्का करताना किंवा गणवेशावर पहिले भरतकाम करून घेताना होते. म्हणून या परीक्षणात मी सेवांकडे दोनच प्रश्न घेऊन पाहणार आहे. चित्र काढायला घेण्यापूर्वी ही सेवा ग्राहकाला काय विचारते, आणि काम संपल्यावर त्याच्या हातात काय ठेवते? माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या लोगोंपैकी बहुतेक या दोन टोकांना बिघडलेले असतात. मधल्या रेखाटनाला उगाचच दोष मिळतो.

स्वयंचलित साधनांपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण बरेच नवे व्यावसायिक आधी तिथेच जातात. व्यवसायाचे नाव टाइप करावे, क्षेत्र निवडावे, आवडते रंग सांगावेत आणि काही क्षणांत पडद्यावर लोगोंची रांग लागावी, अशी ही सोय आहे. या साधनांना सरसकट नावे ठेवण्याची डिझायनर मंडळींची रीत मला पटत नाही. पैसे भरून घेतलेल्या पूर्ण संचात ती बहुधा एसव्हीजी आणि पीडीएफ अशा खऱ्या वेक्टर फायली देतात, म्हणजे ज्यांत आकार ठिपक्यांनी नव्हे तर गणिती रेषांनी साठवलेला असतो आणि म्हणून तो नखाएवढा केला काय किंवा भिंतीएवढा केला काय, कडा शाबूत राहतात. छपाईच्या दृष्टीने अशी फाइल एखाद्या हौशी माणसाने घाईत पाठवलेल्या फाइलपेक्षा कितीतरी बरी असते.

गोम दुसरीकडे आहे. या साधनांतली चिन्हे एका सामाईक साठ्यातून येतात आणि ती वापरण्याचा परवाना सहसा एकट्या ग्राहकापुरता नसतो. तेच चिन्ह, त्याच कोनात, दुसऱ्या कुणीही उचलू शकतो. काही साधनांच्या नियमांत तर साठ्यातले चित्र असलेला लोगो ट्रेडमार्क म्हणून नोंदवू नये असे स्पष्ट लिहिलेले असते, पण हे कलम वाचण्याची वेळ येते ती नोंदणीचा अर्ज भरायला बसल्यावर. शिवाय साधन क्षेत्र विचारते आणि त्या क्षेत्राचे ठरलेले चित्र पुढे करते: दंतवैद्याला दाढ, बांधकाम व्यावसायिकाला छपरांची रेघ, शिकवणीवर्गाला उघडे पुस्तक, संगणकाशी संबंधित कशालाही रेषांनी जोडलेले ठिपके. लोगोने एका दंतवैद्याला दुसऱ्यापासून वेगळे ओळखू यायला मदत करायची असते. दाढ काढून तो फक्त एवढेच सांगतो की हा दवाखाना दातांचा आहे, जे फलकावरच्या अक्षरांनी आधीच सांगितलेले असते. हे साधन वापरायचेच असेल तर त्यातले चिन्ह सोडून द्यावे आणि फक्त नावाची अक्षररचना घ्यावी, असे माझे मत आहे. नीट निवडलेल्या अक्षरांत लिहिलेले नुसते नाव हा अजिबात कमअस्सल लोगो नसतो. कोका-कोलाचे नाव १८८६ मध्ये कंपनीचे हिशेब पाहणाऱ्या फ्रँक रॉबिन्सन यांनी त्या काळच्या वळणदार हस्ताक्षरात लिहिले, आणि तेच वळण आजही चालू आहे.

फुकटच्या संचाविषयी एका वाक्यात सांगण्यासारखे आहे: त्यात मिळणारे छोटे पीएनजी चित्र पडद्यावर चालते, कागदावर चालत नाही. नाव देवनागरीत असेल तर आणखी एक अडचण येते. यांतल्या अनेक साधनांत देवनागरीचे फॉन्ट मोजकेच असतात, आणि लॅटिन, म्हणजे इंग्रजीच्या, अक्षरांसाठी बेतलेल्या मांडणीत शिरोरेषेमुळे शब्दाचे वजन वर सरकते, वेलांट्या आणि उकार चौकटीला आपटतात. ‘अक्षरांतले अंतर वाढवा’ हा लॅटिन लिपीत शोभणारा उपाय इथे केला की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. साधनाला यातले काही कळत नाही. आणि पडद्यावर दिसणारी ती तुटकी रेषा आधुनिक शैली आहे असे समजून ग्राहकही पुढे जातो.

चित्रे तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लोगो करून घेण्याची लाट अलीकडची आहे आणि माझ्या कामात तिने पुष्कळ भर घातली आहे, तीही नको त्या प्रकारची. ही साधने सहसा ठिपक्यांनी बनलेले चित्र देतात. ते दिसायला चकचकीत असते, त्यात सावल्या असतात, धातूची चमक असते, आणि लोगो म्हणून वापरायला यांतली प्रत्येक गोष्ट अडथळा असते. मग कुणीतरी ते चित्र स्वयंचलित रेखांकनातून, म्हणजे ठिपक्यांच्या कडा आपोआप रेषांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढून ‘वेक्टर करून’ पाठवतो. नीट काढलेल्या वर्तुळाला वेक्टर फाइलमध्ये रेषा बांधणारे चार बिंदू पुरतात. अशा फाइलमधल्या वर्तुळावर बिंदूंचा नुसता सडा पडलेला असतो, आणि फलकावर चिकटवायचे विनाइल (प्लास्टिकचा पातळ थर) कापणारे यंत्र त्या प्रत्येक बिंदूपाशी अडखळत कड दातेरी करून ठेवते.

हक्कांचा प्रश्नही इथे वेगळा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार मानवी निर्मिती नसलेल्या भागाला कॉपीराइट मिळत नाही, आणि त्याच वर्षी तिथल्या न्यायालयानेही केवळ यंत्राने केलेल्या चित्राबाबत हीच भूमिका घेतली. ट्रेडमार्कचे संरक्षण वेगळ्या पायावर, म्हणजे बाजारातल्या वापरावर आणि वेगळेपणावर, उभे असते, त्यामुळे असा लोगो अगदीच निराधार ठरतो असे नाही. पण ज्या चित्राची नक्कल दुसऱ्याने केल्यास कॉपीराइटच्या आधारे त्याला थांबवता येईल की नाही याचीच शंका आहे, ते चित्र व्यवसायाच्या दारावर लावण्यापूर्वी विचार करावा. डिझायनरशी बोलताना ‘साधारण असा भाव हवा, असा नको’ हे दाखवण्यासाठी या साधनाचा उपयोग चांगला होतो. तिथेच थांबावे.

स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळांची कल्पना ऐकायला फार आकर्षक आहे. ग्राहकाने गरज लिहायची, अनेक डिझायनरांनी लोगो करून पाठवायचे, जो आवडेल त्याला बक्षीस. ग्राहकाला वाटते की पर्याय जितके जास्त तितकी निवड चांगली होणार. पण जिंकल्याशिवाय मोबदला नाही म्हटल्यावर कुठलाही व्यावहारिक माणूस एका स्पर्धेवर फार वेळ घालवणार नाही. तो आधीच्या स्पर्धेत हरलेले चित्र किंचित बदलून पुन्हा पाठवील, आणि तसे केल्याबद्दल त्याला दोषही देता येत नाही. अशा व्यवहारात प्रश्न विचारणारे कुणी उरत नाही. चार ओळींच्या मजकुरावर सगळे काम चालते आणि ग्राहकाला स्वतःची गरज किती धूसर आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. मग चित्रांच्या ढिगाऱ्यासमोर बसून तो नातेवाइकांची, मित्रांची मते मागवतो. वीस जणांना विचारून जे चित्र पुढे येते ते कुणालाच खटकलेले नसते एवढाच त्याचा गुण असतो.

स्पर्धेतून आलेल्या लोगोबाबत साम्याचा धोका विशेष मोठा असतो, आणि हा धोका नवख्यांपुरताच आहे असेही नाही. टोकियो २०२० ऑलिंपिकचे पहिले बोधचिन्ह नामांकित डिझायनरांपुरत्या मर्यादित स्पर्धेतून निवडून जुलै २०१५ मध्ये जाहीर झाले; बेल्जियममधल्या लिएज शहरातील नाट्यगृहाच्या लोगोशी ते मिळतेजुळते असल्याचा आक्षेप त्या लोगोच्या डिझायनरने घेतला, आणि डिझायनर केंजिरो सानो यांनी नक्कल केल्याचे नाकारले तरी सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी आयोजकांनी ते मागे घेतले. नंतर खुल्या स्पर्धेतून निवडलेले असाओ तोकोलो यांचे बोधचिन्ह एप्रिल २०१६ मध्ये स्वीकारण्यात आले. एवढ्या मोठ्या यंत्रणेवर ही वेळ येते, तर साम्य तपासण्याचे काम ‘डिझायनरने केलेच असेल’ असे गृहीत धरून छोट्या व्यवसायाने सोडून देऊ नये.

जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा ग्लोबल ब्रँड डेटाबेस कुणालाही विनामूल्य पाहता येतो आणि त्यात चित्र चढवून त्याच्यासारखी नोंदलेली चिन्हे शोधण्याचीही सोय आहे. ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवा यांचे नीस वर्गीकरणात ४५ वर्ग पाडलेले आहेत, त्यांपैकी ३४ वस्तूंचे आणि ११ सेवांचे. आपला व्यवसाय ज्या वर्गात मोडतो त्यात आणि त्याच्या आसपासच्या वर्गांत शोध घेतला की निदान उघड साम्य तरी आधीच सापडते. हा शोध वकिलाच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, पण फलक रंगवून झाल्यावर नोटीस येण्यापेक्षा तो फार स्वस्त पडतो. माझ्यासाठी हा सेवेच्या परीक्षणाचाही भाग आहे: साम्याचा शोध घेतला का, असे विचारल्यावर जी सेवा हसून विषय बदलते, तिला मी कमी गुण देतो.

स्वतंत्र डिझायनरची सेवा ही सर्वांत असमान आहे. याच प्रकारात मी सर्वांत नीटनेटक्या फायली पाहिल्या आहेत आणि सर्वांत वाईटही. फरक कुठे पडतो याचा अंदाज पहिल्याच संभाषणात येतो. जो डिझायनर ‘कोणता रंग आवडतो?’ हा प्रश्न सर्वांत आधी विचारतो तो ग्राहकाला खूश करण्याच्या मार्गाला लागलेला असतो. ज्याचे काम पुढे टिकते तो विचारतो की लोगो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त कुठे दिसणार आहे, त्याचा सर्वांत लहान आकार कोणता असेल, तो कशावर छापला, कोरला किंवा शिवला जाणार आहे, ग्राहकाचे स्पर्धक कसे दिसतात, आणि पाच वर्षांनी व्यवसाय याच वस्तू विकत असेल का. हे प्रश्न रुक्ष वाटतात आणि अनेक ग्राहक ते ऐकून कंटाळतात. पण औषधांच्या बाटलीच्या झाकणावर येणारा लोगो आणि मालमोटारीच्या बाजूवर येणारा लोगो यांच्या गरजा सारख्या नसतात, आणि हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले नाही तर नंतर कितीही दुरुस्त्या केल्या तरी ते जमत नाही.

ग्राहकाकडून होणारी सर्वांत मोठी चूक याच टप्प्यावर होते. त्याला लोगोत सगळे सांगायचे असते: संस्थापकाची आद्याक्षरे, प्रगतीचा वर जाणारा बाण, पर्यावरणाचे पान, जगभर पसरण्याच्या इच्छेचा पृथ्वीगोल. यांतले प्रत्येक सुटेसुटे समर्थनीय असते आणि एकत्र आल्यावर त्यांचा डाग होतो. अ‍ॅपल कंपनीचे १९७६ मधले पहिले चिन्ह असेच होते. झाडाखाली बसलेला न्यूटन, भोवती नक्षीदार चौकट, चौकटीवर ओळी. ते चित्र म्हणून वाईट नव्हते, पण लहान आकारात त्यातले काहीच दिसले नसते. पुढच्याच वर्षी रॉब जॅनॉफ यांनी एक घास घेतलेल्या सफरचंदाची बाह्यरेषा दिली, आणि तो घासही अर्थपूर्ण प्रतीक म्हणून नव्हता. लहान आकारात सफरचंद चेरीसारखे वाटू नये म्हणून तो काढला होता. व्यावहारिक कारणातून आलेला तपशील पुढे लोकांनी नाना अर्थांनी वाचला. अर्थ आधी कोंबून बसवता येत नाही. तो वापरातून साठत जातो. नायकीचे चिन्ह कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने १९७१ मध्ये ३५ डॉलरला काढले तेव्हा त्या वळणदार खुणेला कसलाच इतिहास नव्हता. (ही गोष्ट स्वस्तात लोगो मागण्यासाठी वारंवार सांगितली जाते, कंपनीने पुढे त्यांना समभाग दिले हे सांगणारे थोडे.)

नाव गाळून नुसते चिन्ह वापरण्याचा हट्टही याच टप्प्यावर होतो. मोठ्या कंपन्या तसे करतात हे खरे आहे, पण स्टारबक्सने लोगोतून नाव काढले ते २०११ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर चाळीस वर्षांनी, आणि मास्टरकार्डने २०१९ मध्ये, जेव्हा त्या दोन वर्तुळांना जवळपास अर्धे शतक लोक पाहत आले होते. काल सुरू झालेल्या व्यवसायाने नाव लपवले तर ग्राहकाला ते शोधत बसावे लागेल, आणि तो शोधत बसणार नाही.

किती पर्याय मागावेत यावर नेहमी घासाघीस होते. नामांकित अमेरिकी डिझायनर पॉल रँड यांनी १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्झ यांच्या नेक्स्ट कंपनीसाठी एकच लोगो सादर केला होता, त्यामागचा विचार मांडणाऱ्या पुस्तिकेसह. पर्याय द्यायला त्यांनी आधीच नकार दिला होता. प्रत्येक डिझायनर पॉल रँड नसतो आणि प्रत्येक ग्राहकाला एवढा विश्वास परवडत नाही, हे मान्य. तरीही दहा पर्याय देणाऱ्या सेवेपेक्षा तीन पर्याय देऊन प्रत्येकामागचे कारण सांगणारी सेवा मला जास्त भरवशाची वाटते, कारण दहांपैकी सात फक्त आकडा भरण्यासाठी असतात. आणि पर्यायांची तोडमोड करून ‘पहिल्याचे चिन्ह, दुसऱ्याची अक्षरे, तिसऱ्याचा रंग’ असा लोगो जोडायला लावणाऱ्या ग्राहकाला जो डिझायनर विरोध करत नाही, त्याला आपल्या कामाची किंमत कळलेली नसते.

पहिले सादरीकरण काळ्या-पांढऱ्यात असावे, असा आग्रह ग्राहकाने स्वतःहून धरावा. रंग डोळ्यांना चटकन मोहवतात आणि आकारातली कमजोरी झाकतात. तोच लोगो पावतीवर, शिक्क्यावर, काचेवर किंवा छायाप्रतीत एकाच रंगात येणार असतो. तिथे शेजारी ठेवलेले लाल आणि हिरवे एकाच राखाडीत विरघळून जातात. ही अडचण फक्त यंत्रांची नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारापैकी एकाला लाल-हिरव्यात भेद करण्यात अडचण असते, असे वैद्यकीय साहित्य सांगते. आकार एका रंगात उभा राहत नसेल तर तो लोगो अजून झालेला नाही. फेडेक्सच्या १९९४ च्या लोगोत लिंडन लीडर यांनी दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत बाण ठेवला. तो कोणत्याही रंगात, अगदी एका रंगातही दिसतो, आणि ज्याला दिसत नाही त्याचे काही अडत नाही.

रंगांच्या बाबतीत माझ्या टेबलावर रोज होणारा वाद असा: ‘मोबाइलवर जो निळा दिसतो तोच कागदावर का येत नाही?’ पडदा प्रकाशातून रंग दाखवतो आणि छपाई शाईतून, त्यामुळे पडद्यावरचे काही झगझगीत निळे, हिरवे आणि नारिंगी चार शाईंच्या छपाईत येतच नाहीत. हे डिझायनरला ठाऊक असते. ग्राहकाला सांगायचे मात्र राहून जाते. चांगली सेवा रंगाचे तीन पत्ते, म्हणजे तीन पद्धतींतले आकडे, लिहून देते: पडद्यासाठी आरजीबी, चार शाईंसाठी सीएमवायके, आणि शक्य असल्यास पँटोनचा क्रमांक, जी पद्धत १९६३ पासून छापखान्यांना एकच रंग ठरलेल्या शाईने काढता यावा म्हणून वापरात आहे. एवढी एक ओळ नसेल तर फलक एका निळ्याचा, लेटरहेड दुसऱ्या निळ्याचे आणि गणवेश तिसऱ्याच रंगाचा होतो, आणि दोष येतो छापखान्यावर.

लहान आकाराची परीक्षा घरबसल्या करता येते. ब्राउझरच्या टॅबवर लोगोला १६ गुणिले १६ पिक्सेलइतकी जागा मिळते. तिथे तो ओळखू येतो का ते पाहावे. येत नसेल तर त्याची वेगळी, साधी आवृत्ती सेवेने द्यायला हवी. छपाईत पाव पॉइंटपेक्षा (एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग) बारीक रेषा बेभरवशाची असते आणि गडद पार्श्वभूमीवर पांढरी सोडलेली तेवढी रेषा तर शाई भरून बुजतेच. भरतकामात साधारण ५ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरे दोऱ्याच्या गाठीसारखी दिसू लागतात. लोगोखाली बारीक अक्षरांत बोधवाक्य घालायची हौस असलेल्यांनी हे आकडे समोर ठेवावेत.

आता हातात काय पडते त्याकडे येतो, कारण माझ्या मते या सेवांचा खरा निकाल इथे लागतो. ‘लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आहे’ हे वाक्य ऐकले की आमच्या विभागात कुणीतरी सुस्कारा सोडतो, कारण तिथून आलेले चित्र सहसा दाबून लहान झालेले असते. जेपीजी फाइलमध्ये पारदर्शक पार्श्वभूमी राहू शकत नाही, म्हणून रंगीत कागदावर लोगोभोवती पांढरा चौकोन येतो. याहून फसवा प्रकार म्हणजे नावाला पीडीएफ किंवा एसव्हीजी असलेली, पण आत नुसते ठिपक्यांचे चित्र चिकटवलेली फाइल. ती ओळखणे अवघड नाही. अ‍ॅक्रोबॅटमध्ये पीडीएफ उघडून ती ६४०० टक्क्यांपर्यंत मोठी करावी. कडा धारदार राहिल्या तर वेक्टर, चौकोनी ठिपके दिसू लागले तर चित्र. एसव्हीजी ही मुळात मजकुराची फाइल असल्याने ती साध्या मजकूर-संपादकात उघडता येते. त्यात रेषांचे वर्णन न दिसता निरर्थक अक्षरांची न संपणारी रांग दिसली, तर बहुधा आत चित्र कोंबलेले आहे. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी या दोन तपासण्या कुणालाही करता येतात, आणि त्या केल्यास माझ्यासारख्यांचे निम्मे फोन वाचतील.

पूर्ण संचात मूळ संपादनयोग्य फाइल, अक्षरे बाह्यरेषेत बदललेली (म्हणजे फॉन्ट नसला तरी आकार तसाच राहणारी) वेक्टर फाइल, पारदर्शक पीएनजी, एकरंगी काळी आणि एकरंगी पांढरी आवृत्ती, आडवी आणि उभी मांडणी एवढे तरी असावे. अक्षरे बाह्यरेषेत बदलण्याचा मुद्दा देवनागरी नावांसाठी जास्त महत्त्वाचा आहे. इलस्ट्रेटर या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठीचा कंपोजर (अक्षरे जुळवणारी सोय) निवडलेला नसेल तर जोडाक्षरे फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. छापखान्यातला माणूस ती लिपी वाचणारा नसेल तर तसेच छापून मोकळा होतो. फॉन्टच्या परवान्याचीही चौकशी करावी. खुल्या परवान्याचे फॉन्ट व्यावसायिक कामात वापरता येतात, पण ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असे लिहिलेला फॉन्ट लोगोत वापरणे म्हणजे पुढच्या मागणीपत्राला आमंत्रण आहे, आणि ते मागणीपत्र डिझायनरला नव्हे, व्यवसायाला येते.

हक्कांविषयी सर्वत्र एक गैरसमज आढळतो: पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला. अनेक देशांच्या कायद्यांत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या निर्मात्याकडेच कॉपीराइट राहतो आणि तो ग्राहकाकडे जाण्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. इमेलमधले ‘फायली पाठवल्या, धन्यवाद’ हे हस्तांतरण नव्हे. ज्या डिझायनरांच्या कामाचे मी मनापासून कौतुक करतो ते देयकासोबत एका पानाचा कागद देतात, ज्यात कोणता हक्क, कशासाठी आणि केव्हापासून दिला हे लिहिलेले असते, आणि नाकारलेले पर्याय आपल्याकडेच राहतील हेही. हा कागद देणारा माणूस पहिल्या भेटीतही सहसा नीट प्रश्न विचारतो.

मोठ्या डिझाइन संस्थांविषयी मला थोडेच सांगायचे आहे, कारण ज्यांना त्या परवडतात त्यांच्याकडे सल्लागारांची कमतरता नसते. त्यांच्या फायली निर्दोष येतात, रंगांचे पत्ते नेमके असतात, वापराची नियमावली जाडजूड असते. ती नियमावली उघडून पाहणारे मात्र क्वचितच भेटतात; तिच्यापेक्षा दोन पानांचा, रोजच्या वापरापुरता कागद जास्त उपयोगी पडतो. सादरीकरणाला आलेली ज्येष्ठ माणसे प्रत्यक्ष काम करणार आहेत की नाही, हेही आधी विचारून घ्यावे. आणि संस्था मोठी असली म्हणून बदलाची गरज आपोआप सिद्ध होत नाही. गॅप या कपड्यांच्या कंपनीने ऑक्टोबर २०१० मध्ये आणलेला नवा लोगो लोकांच्या नाराजीमुळे आठवड्याभरात मागे घेतला आणि जुना निळा चौकोन परत आणला. ज्या व्यवसायाचा लोगो लोक ओळखतात, त्याने तो बदलण्यापूर्वी अक्षरांची अंतरे, रंगाचे आकडे आणि फायली एवढेच दुरुस्त करून भागते का ते पाहावे, अनेकदा भागते.

तर निवड कशी करावी? कल्पना अजून चाचपून पाहायची असेल, व्यवसाय वर्षभर टिकेल की नाही याचीच खात्री नसेल, तर स्वयंचलित साधनातून नुसत्या अक्षरांचा लोगो घ्यावा, पण पूर्ण वेक्टर संचासह. वस्तू बाजारात जाणार असेल, वेष्टन छापले जाणार असेल किंवा ट्रेडमार्क नोंदवायचा असेल, तर प्रश्न विचारणारा स्वतंत्र डिझायनर शोधावा आणि त्याने पूर्वी केलेले लोगो पडद्यावरच्या सजवलेल्या चित्रांत न पाहता प्रत्यक्ष छापलेल्या वस्तूंवर पाहावेत. मगावर आणि फलकावर संगणकाने चढवलेली ती देखणी चित्रे कोणत्याही लोगोला शोभून दिसायला लावतात. स्पर्धेची सेवा मी कुणालाच सुचवणार नाही.

आणि करारात एक कलम घालून घ्यावे, जे मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे: काम संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत छापखान्याने, भरतकाम करणाऱ्याने किंवा फलकवाल्याने मागितलेली आवृत्ती डिझायनर ठरलेल्या दरात आणि ठरलेल्या दिवसांत करून देईल. एकरंगी आवृत्तीची गरज बहुतेक वेळा ती हातात नसतानाच पडते, आणि तेव्हा डिझायनरचा दूरध्वनी लागत नसेल तर ती आवृत्ती माझ्यासारखा कुणीतरी अंदाजाने काढतो.